पहिली मूठ

प्रतीक्षाचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यातल्या माझ्या घरी तांदूळ निवडत बसले होते. "आत्याबाई, आई गेल्या," एवढंच ती म्हणाली. पलीकडे तिची तान्ही मुलगी रडत होती, आणि प्रतीक्षा तिला थोपटते आहे हे मला ऐकू येत होतं. बातमी अनपेक्षित नव्हती. तरीही मी ताटातले तांदूळ शेवटपर्यंत निवडले आणि मगच उठले. दुसरं काय करायचं ते सुचलं नाही... त्याला आता काही आठवडे झाले.

प्रतीक्षाची सासू म्हणजे माझी भावजय, सुमित्रा. मी तिला वैनी म्हणायचे. मी शाळेत शिकवायला लागल्यापासून ती मला मास्तरीनबाई म्हणायची, कधी मायेने आणि पुष्कळदा टोमण्याने. तिचं माहेर आंधळगावचं. लग्न होऊन ती करडीला आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. आमची मैत्री केस विंचरताना झाली. तिचे केस दाट होते, पण टाळूवर एक जागा विरळ होती. लहानपणी डोक्यात उवा झाल्या, तर तिच्या आईने धानाच्या कोठीत किडीसाठी टाकायची पांढरी पावडर तिच्या डोक्याला चोळून वर फडकं बांधलं होतं. "डोकं असं भनभनलं का विचारू नोको," ती हसत सांगायची, "पन उवा मेल्या अन् मी वाचली." तिच्या गल्लीतल्या सगळ्याच पोरींच्या डोक्याला तेव्हा ती पावडर लागत असे. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

आमच्या घरात एक रीत होती. रोवणी आटोपली, रोपांनी मुळं धरली आणि बांधी, म्हणजे धानाचं खाचर, हिरवी दिसायला लागली, की तीत खताची पहिली मूठ गर्भार किंवा लेकुरवाळ्या बाईने टाकायची. तिची कूस भरली तसं धान भरावं, असा त्यामागचा भाव. माझ्या आजीच्या काळी ती मूठ राखेची आणि शेणखताची असायची. पुढे युरिया आला, मग खोडकिड्यासाठी दाणेदार औषध आलं, आणि दोन्ही एकत्र कालवून फेकायची पद्धत पडली. मुठीतलं बदललं, रीत तशीच राहिली. बाईने पदर खोचून ओटी करायची, त्यात ते मिश्रण घ्यायचं आणि गुडघाभर चिखलातून मुठीमुठीने उधळत जायचं. पाठीवरचा फवारणीचा पंप पुरुषांचा, फेकायचं काम बायांचं. हे कुणी ठरवलं ते कुणालाच माहीत नव्हतं.

वैनीला पहिल्यांदा दिवस गेले ते रोवणीच्याच सुमारास. घरात कौतुक होतं. पहिली मूठ अर्थातच तिची. त्या दिवशी पाऊस लागून होता. ओटी भिजली, औषध विरघळून लुगड्यातून पोटावर उतरलं. संध्याकाळी तिला उलट्या झाल्या, पोटाला खाज सुटली. माझी आई म्हणाली, "अशा दिवसांत होतेच व माय." काही दिवसांनी तो गर्भ राहिला नाही. पुढच्या वेळी तेच झालं. दोन्ही वेळा घरात दोष द्यायला नशीब होतं, अमावास्या होती, दारातलं शेवग्याचं झाड होतं... तिचा मुलगा मंगेश, प्रतीक्षाचा नवरा, पोटात होता त्या वर्षी पाय मोडल्यामुळे वैनी सबंध पावसाळा माहेरी बसून होती. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. आमच्या गावात त्याच बांधीत वाकून भरल्या पोटाने रोवणी केलेल्या आणि चार मुलं वाढवलेल्या बाया आहेत. पण तिच्या मनात माहेरी बसून काढलेलं ते वर्ष रुतून बसलं होतं.

मधली वर्षं आठवताना आता दमायला होतं. औषधाचा रिकामा डबा धुऊन त्यात शेतावर पाणी न्यायची, आणि त्या पाण्याला वास येतो म्हणून मंगेश कुरकुरला की त्याला रागवायची, ती वैनी. ओल्या लाकडांच्या धुरात खोकत भाकरी थापणारी वैनी. मग तिची डोकेदुखी सुरू झाली, पाळीत अंगावरून जास्त जायला लागलं. चाळिशीही आली नव्हती तेव्हा एका डॉक्टरने पिशवी काढून टाकायला सांगितली. त्या काळात आमच्याकडे दाढ काढावी तशा सहज पिशव्या काढल्या जात. त्यानंतर ती एकदम वाकली. भर थंडीत तिला घाम फुटायचा, हाडं दुखायची. "मास्तरीनबाई, मी तुझ्याऊन मोठी किती?" ती विचारायची. "मले लोक तुही माय समजतात." मी हसायचे. हसण्यासारखं त्यात फारसं नव्हतं.

मागच्या वर्षी पोटात गाठ निघाली. नागपूरला मी तिच्याबरोबर जायचे. तिथल्या एका तरुण डॉक्टरीणबाईने तिला, आजवर कुणी विचारलं नव्हतं ते विचारलं, "शेतात कोणतं काम करता?" वैनी उठून उभी राहिली, पदर खोचला आणि रिकाम्या ओटीतून मुठी उधळून दाखवल्या. डॉक्टरीणबाईचा पेन थांबला. "यामुळेच गाठ झाली असं मला सांगता येणार नाही," ती म्हणाली, "पण घरातल्या दुसऱ्या कुणाला हे करू देऊ नका." परतीच्या एस.टी.त मोहाडी आल्यावर वैनी म्हणाली, "प्रतीक्षाले दिवस हायेत. श्रावणात पयली मूठ तिचीच." पुढे तिला दुसरं काही दिसेना. स्वतःच्या दुखण्याविषयी तिने विचारायचं सोडलं. तिला एवढंच हवं होतं, की ते औषध पुन्हा बाईच्या ओटीत पडू नये.

श्रावणात डोक्याला रुमाल बांधून ती माझा हात धरत शेतावर आली. उपचारांनी केस तेव्हा गेलेच होते. प्रतीक्षाने पदर खोचला होता. मजुरीच्या बाया बांधीच्या कडेला धुऱ्यावर उभ्या होत्या.

"तू कायले आली? पडून राहा नं घरी," दादा, म्हणजे माझा भाऊ, म्हणाला.

वैनीने पिशवीतून वाटी काढली. तीत चुलीतली राख होती. ती तिने सुनेच्या ओटीत ओतली. "टाक पोरी. रीत राखेचीच होती."

"राखेनं किडा मरते काय?" दादाने विचारलं.

"नाई मरत. पन पोटातलं लेकरूबी नाई मरत."

शेवंता नावाची मजूर बाई जिभेची तिखट. ती म्हणाली, "मंग मामी, किडा कोन मारन?"

"ज्याचं वावर हाये, तो मारन. मेंदी लागली काय त्याच्या हाताले?"

बाया खो-खो हसल्या. दादाचा चेहरा उतरला. "बायकाईचं काम मानसानं केलं त गाव हासन."

"हासू द्या. हासून कोनाची पिशवी नाई काढा लागत."

त्या दिवशी प्रतीक्षाने राख उधळली आणि धुऱ्यावर येऊन बसली. औषध नेहमीप्रमाणे शेवंताने आणि इतर बायांनी ओटीत घेतलं. दादाने सुनेपुरतंच ऐकलं होतं. हिवाळ्यात प्रतीक्षाला मुलगी झाली, धडधाकट. वैनीला आनंद झाला, पण ती निवली नाही. आमच्या शेवटच्या भेटीत मी तिचे पाय दाबत होते. नात तिच्या कुशीत झोपली होती. "माह्या सुनेची ओटी मी राखली," ती हळू म्हणाली. "शेवंताले का ओटी नाई? तिची पोरगी यंदा येईल तिच्यासंगं वावरात..." दादा दारात उभा होता. त्याने ऐकलं की नाही, मला कळलं नाही.

परवा मी करडीला गेले होते. रोवणी होऊन बांध्या हिरव्या झाल्या होत्या. दादा सकाळीच निघाला. शेवंता आणि तिची मुलगी निंदणाला आल्या होत्या, त्यांना त्याने दुसऱ्या टोकाच्या बांधीत पाठवलं. हातात प्रतीक्षाने दिलेले रबरी मोजे घातले, खत-औषधाची बादली उचलली आणि सत्तरीचा माझा भाऊ चिखलात उतरला. मुठी नीट पडत नव्हत्या, कुठे ढीग, कुठे काहीच नाही. शेजारच्या वावरात बाया ओटीतूनच फेकत होत्या. त्यांतली एक ओरडली, "मामा, बांगड्या भरता काय?" दादाने मान वर केली नाही. काम संपवायला त्याला बायांपेक्षा दुप्पट वेळ लागला.

घरी आला तो अंगणातच थांबला. वैनी दुखण्यातून जरा बरी असे तेव्हा उंबऱ्यात खुर्ची टाकून बसायची, आणि शेतावरून आलेल्या कुणालाही हात-पाय धुतल्याशिवाय, कपडे बदलल्याशिवाय आत सोडायची नाही. त्यावरून तो किती चिडायचा. आता खुर्ची आत गेली आहे, दार सताड उघडं आहे. दादाने नळावर हात धुतले, पाय धुतले आणि तरी तो उभाच राहिला. पोरगी रांगत दाराशी आली, आजोबांकडे बघून तिने हात पसरले. तो पुढे झाला नाही.

आतून प्रतीक्षा म्हणाली, "मामाजी, साबण लावला काय?"

"नाई," दादा म्हणाला, आणि मुकाट्याने परत नळाकडे वळला.