पहिला घाणा देवाचा

कुणाची ओळख झाली की आमचे घरमालक दारजी आधी धंदा विचारत, आणि समोरच्याने नोकरी सांगितली की खांद्यावर हात ठेवून त्याचं सांत्वन करत. बदली होऊन आम्ही चंदीगडला आलो आणि सेक्टर बावीसमध्ये त्यांच्या वरच्या मजल्यावर राहायला लागलो, तेव्हा केंद्र सरकारी नोकरीतल्या माझ्या बाबांनाही ते म्हणाले, "कोई बात नहीं जी, वाहेगुरु भली करेगा."

खाली दारजींचं पगडीच्या कापडाचं दुकान होतं. पहिल्या दिवाळीला आईने त्यांना फराळ दिला. चकली खात खातच ते वर आले. "बेटा, ये बेचती क्यों नहीं?"

"हमारे में फराळ बेचते नहीं, बाँटते हैं," बाबा म्हणाले.

"बाँटते तो हम भी हैं. पर पहले कमाते हैं."

आईला ते पटलं. बाबा मात्र ऑफिसात तोंड कसं दाखवायचं म्हणून धुसफुसत राहिले. आईची अट एकच होती: पहिला घाणा देवापुढे ठेवल्याशिवाय चकली विकायला खाली दुकानात जाणार नाही. दारजी खूश झाले. दुसऱ्याच दिवशी दुकानात बरणीवर पाटी लागली, 'पहले भगवान ने चखी, फिर आपने.'

बाबा ती काढायला लावायला तरातरा खाली गेले, तर तिथे त्यांचेच साहेब सपत्नीक उभे. "ताज़ी है ना?" साहेबांनी विचारलं.

"जी सर," बाबांच्या तोंडून निघून गेलं, "सुबह ही भोग लगा है."

पुढे दारजी मुलाकडे कॅनडात गेले. तिथेही त्यांनी दुकान थाटलं. एकदा त्यांचा फोन आला. गुरुद्वारा जवळ आहे, धंदा उत्तम चाललाय, म्हणाले. "पर बेटा, यहाँ कोई मोलभाव ही नहीं करता. पैसे रखे और चल दिए. लगता ही नहीं, दुकान में कोई आया था."

आईने पदर खोचला. "दारजी, गुलाबी मलमल कैसे दी?"

त्यांनी भाव सांगितला.

"इतना? लूट मची है क्या?"

पलीकडून दारजींचा आवाज एकदम चढला. आमच्या घरात पगडी बांधणारं कुणी नव्हतं, तरी दोघं हटेनात. अखेर सौदा पक्का झाला आणि थोड्या दिवसांनी खरंच मलमलीचं पार्सल आलं. आईने तिचे देवघराला पडदे शिवले.

दारजी आता नाहीत. पडद्यांचा रंगही पार उडालाय. पण ते बदलायचं नाव काढलं की आई म्हणते, "राहू दे. घासाघीस करून घेतलेत मी ते."