माझा बैल आणि त्याच्या पायाचा एक्सरे

आमच्या कबड्डी संघाच्या छातीवर जो बैल होता तो माझा. हे आधीच सांगून ठेवतो, कारण आता गावात विचाराल तर नव्या पोट्ट्यांना ठाऊक नाही. मी चौथी नापास. पण पोळ्याला गावातल्या निम्म्या जोड्यांची शिंगं माझ्या हातची. शिंगं रंगवून लाल रंग उरायचा. तो वाया कायले घालवायचा, म्हणून एका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मी पांढऱ्या बनियनांवर बैल छापला. तेव्हापासून आम्ही बैलवाले. रंग वाळून कडक व्हायचा, छाती सोलायची, पण कोणी कुरकुर केली नाही.

छाप मी एक्सरेच्या फिल्मवर ब्लेडनं कोरला होता. फिल्म माझ्या शेजाऱ्याच्या पायाची. तो आणि मी एका वयाचे, एकाच संघातले. एका पकडीत त्याची नळी मोडली, यवतमाळच्या दवाखान्यातून ही मोठी फिल्म आली आणि ती त्यानंच मला दिली. "घे लेका, माह्या हड्डीचा बैल कर," म्हणाला. पाय मोडून खाटेवर पडला तरी गावभर त्याचंच कौतुक. त्याच सामन्यात मी एकट्यानं दोन गडी धरून ठेवले होते. ते कोणाला आठवत नाही. मला आठवतं.

तर यंदा त्याची नात यवतमाळच्या कॉलेजातून सुटीत आली आणि मोबाईलवर बोट फिरवून तिनं संघाची नवी जर्सी काढली. तीन नमुने. एकावर वाघ, एकावर सिंह, एकावर नाकातून धूर सोडणारा बैल. माझा बैल तिन्हीत नव्हता. गावच्या ग्रुपवर मतं मागितली आणि चार दिवस पानठेल्यावर दुसरा विषय नाही. कोणी म्हणे कॉलर काळी पाहिजे, कोणी म्हणे पोपटी रंग लांबून दिसते. ज्यांनी जन्मात मैदानात पाय ठेवला नाही तेही बोलले.

मी म्हणालो, "या बैलाले वेसण कुठं हाये? बिनवेसणीचा बैल म्हणजे मोकाट. तो गावाचा कसा?"

"आबाजी, तुमचा बैल झोपेल दिसते," एक चढाईवाला पोट्टा म्हणाला. सगळे हसले.

"झोपेल नाही बे, तो पाहून राह्यला. तुले पाहणं अन् झोपणं समजत नाही."

माझा तो शेजारी बाकावर बसून चहा पीत होता. लोक त्याला म्हणाले, "नात हुशार निघाली बाप्पा तुमची." तो नुसता हसला. ते हसणं मला रात्रभर टोचलं. माझ्याही नाती आहेत, त्याही शिकतात, पण त्यांना कोणी हुशार म्हणत नाही.

धूरवाला बैल निवडून आला. लाल जर्सी, काळी कॉलर. खोटं नाही लिहीत, दिसायला चांगली होती. त्यामुळेच जास्त जळलो.

दारव्ह्याला सामने होते. जीपमधून आम्ही म्हातारेही गेलो. मी पिशवीत माझा छाप आणि रंगाचा डबा टाकला होता. काहून टाकला, माझं मला माहीत नाही. सवय म्हणा.

मैदानावर गेलो तर समोरचा संघ आला लाल जर्सीत. काळी कॉलर. छातीवर तोच धूर सोडणारा बैल, केसाचाही फरक नाही. पोरीनं चित्र मोबाईलवरून उतरवलं होतं आणि मोबाईल त्या गावातही होताच. लोक पोट धरून हसले. मीही हसलो, सगळ्यांत जास्त.

पंच म्हणाला, एकानं कपडे बदला. नाणं उडवलं, आम्ही हरलो. पोट्टे पळत बाजारात गेले, पांढऱ्या बनियना आणल्या, पाठीवर स्केचपेननं आकडे काढले. पोरगी खाली मान घालून उभी होती. तेव्हा शेजारी लंगडत माझ्याकडं आला. सगळ्यांसमोर म्हणाला, "तुह्याजवळ छाप असला तर पाह्य ना गा. बैल मारू छातीवर. पोरीची लाज राहीन."

आयुष्यात पहिल्यांदा त्यानं माझ्याकडं काही मागितलं होतं. छाप माझ्या मांडीखालच्या पिशवीत होता.

"घरी हाये," मी म्हणालो.

पोट्टे कोऱ्या छातीनं खेळले. लाऊडस्पीकरवाला आम्हाला एकदाही बैलवाले म्हणाला नाही. "पांढरे बनियनवाले, चढाई करा. पांढरे बनियनवाले, एक गडी बाद." बैलवाले तर तो समोरच्या धूरवाल्यांना म्हणत होता. दोन गुणांनी हरलो. घामानं आकडे पुसले गेले होते.

परतीच्या जीपमध्ये आम्ही दोघं मागं बसलो. खड्ड्यात गाडी आदळली आणि पिशवीत फिल्म खडखडली. कोरड्या पळसाच्या पानासारखा आवाज. मी पिशवीवर पाय दाबून धरला, पण उशीर झाला होता.

तो बाहेर पाहत हळूच म्हणाला, "माह्याच पायाचा आवाज हाये तो. मले ओळखू येते." मग पाय चोळत, "पोरीले नको सांगू."

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी छाप घेऊन त्यांच्या अंगणात गेलो. पोरीच्या हाती दिला. तिनं तो उजेडाला धरला, तर बैलाच्या मानेखाली तिच्या आजोबाचं मोडकं हाड दिसलं. तिनं फोटो काढला. मी बजावलं, "वेसण सोडू नको. अन् लाल शिंगाचा लाल पाहिजे, रक्ताचा नाही." ती म्हणाली, "हो आबाजी." धूरवाला बैल आता दुसऱ्या गावाचाही, म्हणून पुन्हा नमुने गेले ग्रुपवर. एका बाजूला तिनं स्वतः काढलेला वाघ, एका बाजूला माझा बैल.

वाघ जिंकला. बैलाला मतं पडली ती बोटावर मोजण्याइतकी.

पोरगी वाईट वाटून सांगायला आली. म्हणाली, "आबाजी, पहिलं मत बैलाले आमच्या आजोबांनी टाकलं. माझ्या वाघाले नाही टाकलं."

म्हणजे मी त्याच्यापासून छाप लपवला आणि त्यानं नातीचा वाघ सोडून माझ्या बैलाला मत दिलं. सांगितलंही नाही. मोठेपणातसुद्धा तोच पुढं गेला. पाय मोडून पुढं, मत टाकून पुढं.

या पोळ्याला त्याच्या जोडीची शिंगं मी सगळ्यांत आधी रंगवली. प्रेमानं नाही. उपकार अंगावर ठेवायची मला सवय नाही. तो ओट्यावर बसून पाहत होता आणि हसत होता.