सुट्या व्हॉल्व्हचा आवाज

भूत, भानामती, अंगात येणं... मला यातलं काही म्हणजे काही पटत नाही. मी मशीन दुरुस्त करणारा माणूस. बायको चिडवते, "देवळातली घंटा वाजली तरी तुम्हाला बोल्टच ढिला वाटेल!" खरंय ते. म्हणूनच हे लिहायला इतके दिवस घेतले.

मी जव्हारला राहतो. पेशंटना घरी वापरायला दिलेली ऑक्सिजनची मशीनं दुरुस्त करतो. मागच्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत पोशेऱ्याजवळच्या एका पाड्यावरून फोन आला — मशीन फार आवाज करतंय, लवकर या. पेशंट काशिनाथ, माझ्याच वयाचा. वसईकडे दगडाच्या क्रशरवर धूळ खाऊन छाती कामातून गेलेली. त्याची बायको देवकी चिखलाच्या पायांनी शेतातून धावत आली.

आवाज सोलेनॉईड व्हॉल्व्हचा होता. म्हणजे विजेवर उघडमीट करणारी छोटीशी झडप. व्होल्टेज कमी पडलं किंवा आत कचरा अडकला की ती घरघरते. व्होल्टेज तपासलं, ठीक होतं. काशिनाथला तात्पुरता सिलिंडर लावला, मशीन बंद केलं आणि व्हॉल्व्ह काढून जमिनीवर ठेवला.

टक.

वायर नाही, हवेची नळी नाही... आणि तो वाजला! परत — टक. मी काशिनाथकडे पाहिलं. त्याची छाती वर झाली की टक. त्याला ठसका लागला, तर व्हॉल्व्हही अडखळला. मी दचकून मागे सरकलो.

देवकी मात्र शांत. "आयकलास ना भाऊ? हा त्याच्या दमासंग वाजतो. मी खाली शेतात आवणीला, भात लावायला असते तं या आवाजावरूनच कळतं, पोरांचा बापूस हाये."

मी हसण्यावारी नेलं. दुसरं काय करणार? नवीन व्हॉल्व्ह बसवला. मशीन गप्प झालं, ऑक्सिजन वाढला, काशिनाथ कितीतरी दिवसांनी आडवा होऊन झोपला. मला फार बरं वाटलं. जुना व्हॉल्व्ह देवकीने माझ्याकडून मागून घेतला आणि जपून ठेवला.

नागली कापायच्या सुमारास काशिनाथ गेला. मशीन परत न्यायला मी पाड्यावर गेलो, तर देवकीने तो व्हॉल्व्ह माझ्या हातावर ठेवला.

टक... टक... तीच धाप.

"मेला तरी थांबला नाय," ती म्हणाली. "माणूस मेला तं सुटतो ना, भाऊ? मंग त्याला अजून दम का लागतो?"

मी व्हॉल्व्ह उलटसुलट करून पाहिला.

"तू दुरुस्तीवाला हायेस. एवढं बंद करून दे."

ओट्यावर बसून मी व्हॉल्व्ह खोलला. कॉइल वेगळी केली, स्प्रिंग काढली, आतला दट्ट्या काढून मुठीत धरला. आता वाजायला आत काही उरलंच नव्हतं. त्या रिकाम्या पितळी नळकांड्यातून आवाज आला — टक.

देवकी रडली नाही. "राहू दे. तू तरी काय करशील," म्हणाली आणि सगळे सुटे भाग तिने ओच्यात गोळा केले.

तुम्ही भास म्हणाल, कॉइलमध्ये चुंबकत्व राहिलं असेल म्हणाल. अहो, तेवढं मलाही कळतं! सगळं तपासून झालंय, कारण सापडलेलं नाही आणि सापडेल असं वाटतही नाही. मी मशीन जीपमध्ये चढवून जव्हारकडे निघालो, तेव्हा देवकी ओच्यावर हात ठेवून हलक्या आवाजात बोलत होती, "हळू घे दम... हळू घे. मी हाये."