सुकेळी आणि कॅनडाची लेक

मी एका बाईला मारलं आहे. ती बाई मुळात नव्हतीच, हा माझा बचाव. पण जिच्यापुढे तो मांडायचा होता, तिच्यापुढे तो चालला नाही.

ब्लॉग नावाचं खूळ नवंनवं आलं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही विरारला चंदनसारमध्ये फ्लॅट घेऊन राहत होतो, आणि ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर वसईचा एक वाडीवाला बसायचा. वाडीवाला म्हणजे केळी, पानवेली, मोगरा पिकवणाऱ्या घरातला. नोकरी सांभाळून तो गावच्या बागायतदारांच्या संस्थेचा सेक्रेटरीही होता. एकदा डबा खाताना म्हणाला, "कमिटीत ठरलंय, संस्थेचा ब्लॉग काढायचा. लोकांशी नातं जोडायचं म्हणे. आता तो काढतात कसा, ते एकालाही ठाऊक नाही."

"मी आहे ना," मी म्हणालो. माझ्या बहुतेक फजित्या याच तीन शब्दांनी सुरू झाल्या आहेत.

पहिला लेख लिहिला सुकेळ्यांवर. पिकलेली राजेळी केळी सोलून मांडवावर उन्हात वाळवायची, रोज उलटायची, संध्याकाळी गोळा करून पानांत झाकून ठेवायची. आठवडाभरात ती मधाच्या रंगाची होतात. गावात हे करणारी एकच उरली होती, सेक्रेटरीची काकू. मी फोटो काढायला गेलो तर तिने तोंड फिरवलं. "माझा कशाला? केळ्यांचा काढ. आणि लिही, हे शेवटचं वर्ष. गुडघे गेले माझे." माझ्याशी ती शाळेतल्या पुस्तकासारखं बोलायची. पुतण्याशी घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटली आणि दोघं माझ्याकडे बघून हसली. काय म्हणाली ते त्याने मला आजवर सांगितलेलं नाही.

लेख चढवला. महिना गेला. खाली प्रतिक्रिया शून्य.

सेक्रेटरी रोज सकाळी विचारी, "कोण काय बोललं?" कमिटी त्याला विचारत होती, तो मला. शेवटी मी सायबर कॅफेत जाऊन बसलो आणि नागपूरचा एक निवृत्त मास्तर जन्माला घातला. "उत्तम उपक्रम," मास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीने त्याची प्रत काढून संस्थेच्या फुलं गोळा करायच्या शेडमधल्या फळ्यावर लावली. फुलं द्यायला येणारा प्रत्येक जण ती वाचून जाऊ लागला. मग मला चेव आला. मास्तरांना मी थोडं खडूस केलं. त्यांनी लिहिलं, केळी रोज उलटायची काही गरज नाही, दिवसाआड पुरे.

काकू भडकली. "मास्तराने कधी केळं वाळवलंय? लिही त्याला, उलटलं नाही तर काळं पडतं, मग नागपूरला बसून खा म्हणावं!" मी तिच्यादेखत लिहून घेतलं, आणि घरी येऊन मास्तरांकडून माफी मागवली. काकू चार दिवस खुशीत होती. संस्थेचं लोकांशी नातं असं जोडलं जात होतं. लोक म्हणजे मी.

इथे थांबायला हवं होतं. पण मला हुक्की आली आणि मी कॅनडात एक लेक घडवली. वसईत जन्मलेली, लहानपणीच परदेशी गेलेली. तिने लिहिलं, "माझी आई शेवटच्या दिवसांत सुकेळी मागत होती. आम्हाला मिळाली नाहीत. आई गेली. मी डिसेंबरात येतेय. तुमच्या काकूंच्या हातचं एक तरी मिळेल का?" लिहिताना माझेच डोळे भरून आले. स्वतःच्या थापेवर रडणारा माणूस किती धोकादायक असतो, ते तेव्हा कळलं नाही.

काकूने उत्तर सांगितलं. दोनच वाक्यं. "बाळ, ये. तुझ्या आईच्या वाटचंही ठेवते."

डिसेंबरात सेक्रेटरी म्हणाला, "काकूने यंदा पुन्हा मांडव घातलाय. बाजारात जायचे केळ्यांचे लोंगर अडवून ठेवले. कुणाचं ऐकत नाही." मी हातातली पोळी डब्यात परत ठेवली. तिथेच त्याला सगळं सांगून टाकलं. तो डब्याचं झाकण लावत म्हणाला, "लिहून टाक की विमान रद्द झालं."

"आणि पुढच्या वर्षी?"

"मग तूच सांग तिला. मी येणार नाही."

रविवारी गेलो. काकू मांडवाशी एका हाताने बांबू धरून उभी होती, दुसऱ्या हाताने केळी उलटत होती. दर चार-पाच केळ्यांनी गुडघा चोळायची. मी भडाभडा बोलून टाकलं.

"म्हणजे ती पोरगी नाहीच?"

"नाही, काकू."

"आणि तिची आई?"

"तीपण नाही."

तिने हातातलं केळं उलटलं. "मी रोज तिच्या नावाने दिवा लावते," म्हणाली. "नाव ठाऊक नाही म्हणून नुसतं 'ती आई' म्हणायचे." मग, "चला. म्हणजे कुणी मेलं नाही. बरं झालं."

तिने शिव्या घातल्या असत्या तर मी सुटलो असतो.

"आणि तो मास्तर?"

"तोही मीच."

"तरीच. इतका मूर्ख मास्तर असेल कसा!" हसली नाही मात्र. बांबूवरचा हात काढून ओट्यावर जाऊन बसली. "आता तू उलटव. ती पोरगी आली असती तर तिला शिकवणार होते."

दुपारभर मी केळी उलटली. ती बसल्या जागेवरून सांगत होती, हलक्या हाताने, त्याला साल आहे का आता, चिरडशील. निघताना मला वाटलं एक पुडी हातात ठेवेल. नाही ठेवली. मागायची माझी छाती झाली नाही.

पुढच्या वर्षी तिने मांडव घातला नाही. गुडघ्यांमुळे, असं सेक्रेटरी म्हणतो. तो भला माणूस आहे.

संस्थेने ब्लॉग पुढे सोडून दिला. मी तो पुसायला गेलो, तर पासवर्ड आठवेना. पाच-सहा वेळा बायकोचं नाव, मुलीची जन्मतारीख घालून पाहिली. उघडला नाही. त्यामुळे ती बाई तिथे अजून मेलेलीच आहे, आणि तिच्याखाली काकूची ती दोन वाक्यं.