बुधाजीची भूक

कौसल्येची खाणावळ लालबागला. गिरणीतले गडी तिच्या हातचं जेवायचे आणि मी, जाईबाई, तिथे भाकऱ्या थापायची. कुणी ताटावरून लवकर उठला की कौसल्या खेकसायची, "पोटाला लाजतोस काय रे मेल्या!" अशा बाईवर स्वतःच्या नवऱ्याला उपाशी ठेवायची पाळी आली. नशीब म्हणायचं, दुसरं काय!

तिचा नवरा बुधाजी. डोंगराएवढं जेवायचा आणि वाळत चालला. कौसल्येने दृष्ट काढली, तूप वाढवलं. शेवटी डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे. रक्तात साखर तुंबलीय, पण ती अंगाला लागत नाही. मेंदूला वाटतं माणूस उपाशीच आहे, म्हणून तो सारखा भुकेची हाक देतो. ही भूक लबाड आहे, बाई. तिचं ऐकू नका." रोज सकाळी दवाखान्यात सुई, मागोमाग मोजकी भाजीभाकरी, बस्स. मग तो मागायचा आणि ती नाही म्हणायची. नाही म्हणून म्हणून बाईचा जीव विटून गेला.

त्यात ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. गोळीबारात आमच्या चाळीतला एक पोरगा गेला. मयत उठून माणसं परतेपर्यंत चाळीत चूल पेटवायची नाही, ही आमची रीत. बुधाजी सुई घेऊन आला तो तसाच खांदा द्यायला गेला. दुपारी परतला तेव्हा घामाने निथळत होता, हात थरथरत होते.

"कौसल्ये, कायतरी दे गं खायला."

कौसल्या भडकली. "चाळीत मयत झालंय, आणि तुमची ती लबाड भूक! थोडी तरी लाज धरा!"

तो काहीबाही बरळला आणि उंबऱ्यातच कोसळला.

डॉक्टरांनी शिरेतून साखर दिली तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले. "सुईने साखर उतरली आणि पोटात अन्न नाही," डॉक्टर म्हणाले. "आजची भूक खरी होती, बाई. मेंदू जिवाच्या आकांताने ओरडत होता."

कौसल्या म्हणाली, "ऐकू नका, असं तुम्हीच म्हणालात. आता ऐका म्हणता. हाक तर तीच हो! मी ओळखू कशी?"

"घाम बघा, थरथर बघा."

बघायची बिचारी. वाढता वाढता हातातली पळी ठेवून त्याचं कपाळ चाचपायची. गड्यांवर खेकसणंही सुटलं तिचं. पण बुधाजीने त्यानंतर तोंडाने कधी जेवण मागितलं नाही. ताट पुढे आलं की जेवायचा, नाही आलं तर नुसता बसून राहायचा.

एकदा न राहवून तिने विचारलं, "अहो, भूक लागलीय का?"

तो म्हणाला, "तूच सांग."