ओव्हरक्लॉक केलेला भूकंप

बाबांच्या क्लासचा कॉम्प्युटर मी ओव्हरक्लॉक केला आणि त्यामुळे आमच्या गल्लीत भूकंप झाला. सरकारदरबारी त्याची नोंद नाही. गल्लीच्या दरबारी मात्र आहे, आणि तिथं गुन्हेगाराचं नावही सगळ्यांना पाठ आहे.

मी तेव्हा दहावीची परीक्षा देऊन मोकळा बसलो होतो. (मोकळा बसलेला पोरगा आणि उघडी विहीर, दोन्हींवर झाकण हवं, असं आई म्हणायची. तिला झाकण सापडलं नाही.) बाबा बिलोलीच्या एका शाळेत फिजिक्स शिकवायचे. त्या दिवसांत लातुरात क्लासचं असं पेव फुटलं होतं की ज्याच्या घराला दोन खोल्या, त्याच्या एका खोलीत क्लास चाले आणि दुसरीत क्लासची पोरं भाड्यानं राहत. घरमालक कुठं झोपतो हे कोणी विचारत नसे. बाबांनीही हिंमत केली. शाळेत बिनपगारी रजा टाकली, लातुरात भाड्यानं घर घेतलं आणि समोरच्या खोलीत फळा ठोकला.

निघताना हेडमास्तर म्हणाले होते, "जूनपर्यंत तुमची जागा धरून ठेवतो. बॅच भरली तर तुमचं नशीब. नाही भरली तर मुकाट्यानं या परत."

म्हणजे सगळं त्या एका बॅचवर होतं. ती भरली तर आम्ही लातूरकर, नाही तर ट्रंका बांधून पुन्हा बिलोली. आणि बॅच भरणार की नाही हे ठरणार होतं मे महिन्यातल्या एका दुपारी, पालकांसमोरच्या नमुन्याच्या तासाला.

मोठ्या क्लासवाल्यांकडं एसीचा हॉल होता आणि दारावर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो होते. बाबांकडं लावण्यासारखा एकच फोटो होता, तो लग्नातला. म्हणून त्यांनी नांदेडहून एक कॉम्प्युटर आणवला. फिजिक्स पडद्यावर हलताना दाखवायचं, ही त्यांची कल्पना. वर फेकलेला दगड वर जातो, वळतो, खाली येतो, हे सगळं त्यांनी रात्र-रात्र बसून त्यात बनवलं. कॉम्प्युटर माझ्या ताब्यात देताना म्हणाले, "ह्याला नीट ठेव. आपला संसार ह्याच्यावर आहे."

मी त्यात गोळीबाराचा खेळ टाकला.

खेळ चालला, पण लंगडत. शत्रू दिसायच्या आधी मी मरत असे. माझा दोस्त इरफान म्हणाला, "ग्राफिक्स कार्ड होना इसको." इरफानच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मोटारी आणि कूलर दुरुस्तीचा धंदा. त्याच्या चुलतभावानं नांदेडहून एक जुनं कार्ड एसटीच्या ड्रायव्हरजवळ पाठवलं, चिवड्याच्या पिशवीत. त्यातला चिवडा आम्ही खाल्ला आणि कार्ड कॉम्प्युटरात बसवलं. (उलट केलं असतं तरी घराण्याचं कमी नुकसान झालं असतं.)

कार्डानं शत्रू दिसायला लागले. आता ते मला दिसून मारायला लागले. मग इरफाननं ओव्हरक्लॉकिंगचं नाव काढलं. गोष्ट सोपी असते. कंपनी प्रोसेसरला सांगते की बाबा, तू एवढ्या वेगानं पळ. आपण आत शिरून तो आकडा वाढवायचा आणि त्याला म्हणायचं की कंपनीचं काय ऐकतोस, मी सांगतो तेवढा पळ. किल्लारीच्या रस्त्यावर काळीपिवळी जीपवाले हेच करत. कंपनीनं जीप दहा जणांसाठी केलेली, ते बॉनेटवरही दोघं बसवत आणि जीप पोचायचीही. फक्त ती तापायची.

आमचा कॉम्प्युटरही तापला. खेळ सुरू झाला की थोड्या वेळात बंदच पडायचा, आणि मी पुन्हा सुरू करून पुन्हा मरायला बसायचो. (वेळ वाचावा म्हणून कॉम्प्युटर चालू होताच खेळ आपोआप उघडावा, अशीही सोय मी करून ठेवली होती. ही सोय लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.)

"गरम हो रहा ना?" इरफान म्हणाला. "थंडा करना तो अपना खानदानी काम है."

आमच्या समोरच्या खोलीत लोखंडी कूलर होता, स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकवलेला. इरफाननं कॉम्प्युटरच्या डब्याची एक बाजू काढली, पत्र्याचं एक नळकांडं बनवलं आणि कूलरच्या तोंडापासून थेट प्रोसेसरच्या अंगावर वारा सोडला. कूलरात पाणी घालायचं नाही, एवढं मात्र त्यानं बजावलं. आई दारात उभी राहून बघत होती.

"टँकरची वाट बघून बघून माझे डोळे गेले," ती म्हणाली, "माणसाला वारा नाही अन् त्या डब्याला कूलर. पाहुणा आहे का तो?"

"आई, ते बाबांच्या क्लाससाठी आहे."

हे वाक्य त्या घरात कुठल्याही गुन्ह्याला चालायचं.

आता ज्या भिंतीला कूलर टेकला होता, तिच्या पलीकडं काय होतं ते सांगतो. पलीकडं आत्याची मांडणी होती. बाबांची ही थोरली बहीण किल्लारीजवळच्या गावातली. तिथल्या मोठ्या भूकंपानंतर ती आमच्याकडं राहायला आली ती कायमची. स्लॅबवर तिचा विश्वास नव्हता, उन्हाळा असो की थंडी, ती अंगणातच झोपायची. आणि फळीवर तिनं भांड्यांचा मनोरा रचलेला असायचा. खाली उलटा तांब्या, त्यावर वाटी, त्यावर पेला, पेल्यावर उलटी चमची तोललेली. जमीन जरा हलली की मनोरा पडणार आणि आत्या ओरडणार. त्या काळी हे अनेक घरांत असायचं. आमच्याकडं मांजरानं, टँकरनं आणि एकदा आईच्या शिंकेनं तो पडला होता. दर वेळी आम्ही सगळे निमूटपणे अंगणात जाऊन उभे राहायचो. कारण विचारायची पद्धत नव्हती. भूकंपाच्या वेळी मी दुसरीत होतो, तेव्हापासून माझे पाय माझ्या डोक्याला विचारून पळत नाहीत.

मी कूलर नेहमी हळूच्या नंबरावर चालवायचो, आईला ऐकू जाऊ नये म्हणून. त्यामुळं तो जोरात चालवल्यावर काय होतं, हे कोणी पाहिलेलंच नव्हतं.

नमुन्याच्या तासाला किल्लारीकडून एक अख्खी जीप भरून पालक आले. त्यांचे पुढारी हणमंतराव. साखर कारखान्यात कामाला, पांढरी टोपी, बोलणं कमी. बाकीचे त्यांच्याकडं बघूनच चहासुद्धा उचलत होते. हणमंतरावांनी मान हलवली तर जीप आपली, हे आम्हाला सतरंजीवर बसल्या-बसल्या कळलं. आई दाराआडून मला खुणावत होती, की नीट बस.

कॉम्प्युटरचा वेग मी तासाच्या आधी उतरवून ठेवणार होतो. सकाळी उतरवणारही होतो, पण खेळात नेमका शेवटचा किल्ला आला होता.

बाबांनी सुरुवात छान केली. "हा दगड बघा. मी वर फेकतो." पडद्यावरचा दगड वर गेला. खोलीत सगळ्यांच्या माना वर गेल्या. दगड सगळ्यात उंच जागी पोचला आणि तिथंच राहिला. प्रोसेसर तापून अडकला होता.

बाबांनी एक बटण दाबलं, मग दुसरं. दगड हवेतच.

"सर," हणमंतराव म्हणाले, "हे खाली येतंय का न्हाई?"

"येतो, येतो. वर जायला जेवढा वेळ लागला तेवढाच खाली यायला लागतो."

"मग उशीर झाला की ह्याला."

कोणीतरी फसकन हसलं. बाबांच्या कपाळावर घाम आला. मी सरपटत त्यांच्याजवळ गेलो आणि माझ्या आयुष्यातला सगळ्यात महाग सल्ला कानात दिला, "बाबा, तापलाय. मी बंद करून चालू करतो, तुम्ही कूलर फुल करा."

मी बटण दाबलं. बाबांनी कूलरचा खटका शेवटपर्यंत फिरवला.

आधी नुसता वारा आला. मग पत्र्याचं नळकांडं थरथरलं, त्यानं डबा थरथरवला, डब्यानं टेबल, टेबलानं भिंत. खोलीभर एक घुमता आवाज भरला, जमिनीतून आल्यासारखा. बसलेल्यांच्या बशा सतरंजीवर किणकिणायला लागल्या. हणमंतरावांनी बशीवर हात ठेवला आणि छताकडं बघितलं. त्यांच्यामागं सगळ्या जीपनं छताकडं बघितलं.

आणि पलीकडं आत्याचा मनोरा पडला.

"भाईर पळा! लेकरं घ्या, भाईर पळा!"

आमच्या जिल्ह्यात हे कोणाला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. बायांनी जवळ दिसेल ते लेकरू उचललं, स्वतःचं की दुसऱ्याचं हे बाहेर जाऊन बघायचं. चपला, पिशव्या, टोप्या, सगळं मागं राहिलं. आईनं आत्याला ओढलं, आत्यानं पडलेला तांब्या सोडला नाही. समोरच्या क्लासची पोरं आमच्याकडं बघून बाहेर आली, त्यांच्याकडं बघून पिठाच्या गिरणीवाले आले, आणि बघता बघता गल्लीत पाय ठेवायला जागा उरली नाही.

सगळ्यात आधी बाहेर कोण आलं असेल? ज्या एका माणसाला पक्कं माहीत होतं की हा कूलर आहे, तो. मी दोन म्हाताऱ्यांच्या मधून आणि एका बाईच्या पदराखालून निघालो आणि थेट गिरणीच्या ओट्यावर जाऊन थांबलो, अनवाणी. तिथं पोचल्यावर डोकं मागून आलं आणि म्हणालं, अरे, कूलर.

तेवढ्यात घरातून धडाम्‌ धडाम्‌ आवाज सुरू झाले.

"पडलालं घर," आत्या म्हणाली. "माझा भाऊ आत हाय."

घर पडत नव्हतं. कॉम्प्युटर पुन्हा चालू झाला होता आणि मी करून ठेवलेल्या सोयीनं खेळ आपोआप उघडला होता. आवाज फुल. (तोही मीच ठेवला होता.) आत बंदुका, तोफा, मध्येच इंग्रजीतून आरोळ्या. बाहेर आई रडायला लागली. दोघंतिघं आत शिरायला निघाले, त्यांना बाकीच्यांनी धरलं.

मग एकदम सगळं शांत झालं आणि बाबा दारात आले. केस पांढरे, खांद्यावर भिंतीचा चुना, हातात उपटलेली वायर. सावकाश पायऱ्या उतरले. आत्यानं त्यांच्या तोंडावरून हात फिरवला आणि बोटं मोडली.

बाबांनी गर्दीत नजर फिरवली. ती माझ्यावर येऊन थांबली. त्यांना सगळं कळलं होतं. पडद्यावर शेवटच्या किल्ल्याच्या दारात त्यांच्या मुलाचं नाव इंग्रजीत लिहिलेलं त्यांनी नुकतंच वाचलं होतं.

खरं सांगितलं तर क्लासचं हसं होणार होतं. भूकंप झाला म्हणून सोडून दिलं असतं तर कोणी विचारलंही नसतं. आईनं हळूच त्यांचा सदरा ओढला. पण ते मास्तर होते. त्यांनी घसा साफ केला.

"भूकंप झालेला नाही. माझ्या मुलानं कॉम्प्युटरला कूलर जोडला, त्यानं भिंत हलली. कोणी घाबरू नका. माफ करा."

गिरणीवाल्यापासून हसू सुरू झालं आणि पार कोपऱ्यापर्यंत गेलं. समोरच्या क्लासचे सर सगळ्यात जोरात हसत होते. आत्या मात्र रागावली. "हसताव काय? माझा तांब्या बराबर पडला की." तिचं म्हणणं बरोबर होतं. त्या दिवशी घरात ठरल्याप्रमाणं चाललेली ती एकच वस्तू.

मी मनातल्या मनात बिलोलीची ट्रंक भरायला घेतली. हणमंतराव पायऱ्यांकडं बघत होते.

"सर," ते शेवटी म्हणाले, "आमी समदे भाईर आलो. तुमी आत काय करत होता?"

बाबा गडबडले. खेळ बंद करायची कळ सापडेना म्हणून टेबलाखाली शिरून वायर ओढत होतो, हे कसं सांगणार? "बंद करत होतो," ते एवढंच म्हणाले.

हणमंतराव जीपवाल्यांकडं वळले. "बघा. लेकरं, बाया भाईर गेल्यावर मास्तरनं लाइट बंद केली, मग भाईर आला. त्या राती आमच्या वाड्यात असं एक माणूस असतं तर..." ते तेवढ्यावर थांबले. जीपमधल्या कोणी त्यांच्याकडं बघितलं नाही.

बाबांनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. आईनं या वेळी सदरा ओढला नाही, चिमटा काढला.

"पोरगं तुमच्याकडंच," हणमंतराव म्हणाले. "त्या दगडाचं काय ते मागून सांगा त्याला. चुलत्याचं, भाच्याचं बी नाव घ्या." मागं माना हलल्या. अख्खी जीप आली. बिलोली टळली. मी गिरणीच्या ओट्यावरून उतरून, जमेल तेवढा हुशार चेहरा करून बाबांच्या शेजारी येऊन उभा राहिलो.

हणमंतरावांनी मला पायापासून वरपर्यंत बघितलं.

"सर, माझ्या तंगडीवरून उडी मारून पळालं ते हेच का?"

"हो. माझा मुलगा."

"ह्याच बॅचला हाय?"

"हो, ह्याच."

हणमंतरावांनी टोपी झटकली आणि नीट डोक्यावर बसवली.

"मग माझ्या पोराला ह्याच्या शेजारी तेवढं बसवू नका."