चौथा नंबर इटलीचा

शर्मिला बिबवेवाडीत राहायची आणि एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला बसायची. युरोपातल्या देशांची दरवर्षी गाण्यांची मोठी स्पर्धा होते, तिचं तिला वेड होतं. सुट्टीच्या दुपारी ती मोबाईलवर लाइव्ह येऊन जुन्या एखाद्या वर्षाच्या गाण्यांचे नंबर लावायची. परीक्षकांनी काय दिलं होतं, याच्याशी तिला देणंघेणं नसे. पन्नासेक माणसं ऐकायला यायची.

नवऱ्याला, अनंतला, ते खुपायचं. आधी टोमणे झाले, मग केस धरून ढकलणं, एकदा पाठीवर पट्टा. सासू सरुबाई आतल्या खोलीत गप्प बसून राहायच्या.

त्या रविवारी शर्मिला शेवटच्या नंबरापासून वर येत होती. "चौथा नंबर इटलीचा. बाई गाते छान, पण मागे ढोल फार," ती म्हणाली, तेवढ्यात अनंत आला. स्क्रीनवर कुणीतरी लाल बदाम पाठवला होता.

"कोण हा?"

"ऐकणारा आहे. पोलंडचा. माझं बोलून होऊ दे."

त्याने तिच्या तोंडावर ठोसा मारला. ती पडली, तरी तो जबड्यावर लाथा घालत राहिला. हाड मोडल्याचा आवाज आतपर्यंत गेला. सरुबाई वरवंटा घेऊन बाहेर आल्या आणि त्यांनी तो पोराच्या खांद्यावर घातला. तो वळला, तसा दुसरा घाव मनगटावर. अनंत कळवळून भिंतीला टेकला.

"आई, मी मुलगा आहे तुझा."

"म्हणूनच डोक्यात घातला नाही."

चौकीत हवालदार म्हणाला, "आजी, घरातलं घरात मिटवा की."

"तेच करत आले जन्मभर. आधी याच्या बापाचं, मग याचं. आता लिहून घ्या."

शर्मिलाचा जबडा तारांनी बांधला. सरुबाई तिला नळीने पेज पाजायच्या. जामिनावर सुटल्यावर अनंतने येऊन दार लाथांनी मोडलं, खिडकी फोडली. काच सरुबाईंच्या कपाळात घुसली. शेजाऱ्यांनी त्याला पोलीस येईपर्यंत जिन्यात दाबून धरलं. मग दोघी वाघोलीला राहायला गेल्या. तारा निघाल्यावर शर्मिलाने उरलेले तीन नंबर लावले, बोबड्या बोलण्यात.

कोर्टाच्या पहिल्या तारखेला सरुबाईंना अनंतचं वाकडं बसलेलं मनगट दिसलं. साक्ष त्यांनी नीट दिली. परतताना बसमध्ये मात्र त्या पदर तोंडात कोंबून रडल्या. शर्मिला त्यांचा हात धरून बसली.